ग्रहण कधी लागते, कुठे दिसते आणि कुणाला बाधते?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत रिंगखात्यात उभं आयुष्य गेलं. शाळा नववीत सुटली. पुढं जे काय शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. त्यामुळं आमच्या बोलण्यात पुस्तकी शब्द कमी आणि गिरणीतले जास्त येतील, ते गोड मानून घ्यावे. समितीनं आम्हाला विचारलं, यंदा कशावर बोलणार? आम्ही म्हणालो, ग्रहणावर. दोघंतिघं हसले. म्हणाले, "दादा, ग्रहणावर आता काय बोलायचं, ते तर शाळेच्या पुस्तकात आहे." शाळेच्या पुस्तकात आहे हे खरं. पण घरात आहे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. वर्षावासाचे दिवस. दर पौर्णिमेप्रमाणे विहारात वंदना आणि खीरदान ठरलेलं होतं. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारीच तीनचार घरांतून निरोप आला, आज खीर नको, वेध लागलेत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतून हा निरोप आला. आम्ही कुणाचं नाव घेणार नाही, कारण नाव घ्यायचं तर पहिलं आमच्याच भावकीचं घ्यावं लागेल. आणि आमच्या गल्लीत एक सून, आठवा महिना, तिला दुपारपासून पाण्याचा घोट दिला नव्हता. ग्रहण सुटणार रात्री जवळजवळ दीडला. म्हणजे बारा तास पोटातल्या जिवासकट उपाशी. संध्याकाळी तिला चक्कर आली तेव्हा महिला मंडळाच्या बाया गेल्या, तिला लिंबूपाणी दिलं आणि सासूबाईंची समजूत घालून विहारात घेऊन आल्या. तिनं वाटीभर खीर खाल्ली. रात्री अकराला चंद्र पुरता झाकला तेव्हा ती विहाराच्या पायरीवर बसून बघत होती. ढग येत-जात होते, पण मधेमधे चांगला तांबडा चंद्र दिसला. ती म्हणाली, "मामा, मला वाटलं काळा होतो." तिचं बाळ आता चांगलं आहे. पण त्या बाळाचं चांगलं असणं हा आमचा पुरावा नाही. का नाही, ते पुढं सांगतो.

आधी आमच्या अक्काचं सांगू द्या.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. आम्ही दहा वर्षांचे. त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटकात अंकोल्याच्या किनाऱ्यावरून शिरला, गदग, रायचूर करत आंध्रात हैदराबादजवळच्या जपाळ-रंगापूर वेधशाळेवरून गेला आणि ओरिसात पुरी-कोणार्ककडून समुद्रात उतरला. आपलं सोलापूर पट्ट्याच्या बाहेर राहिलं, पण फार लांब नव्हतं, त्यामुळं सूर्याची जेमतेम कोर उरली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या बंद करून फटींना फडकी कोंबली होती. अक्का बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. घरात सगळे झोपल्यासारखे पडले होते. अक्काला भूक लागली. तिनं विळी घेतली, एक वांगं चिरलं आणि स्टोव्हवर टाकलं. आम्हालाही दिलं.

एप्रिलमध्ये पोर झालं. वरचा ओठ दुभंगलेला.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. सासरच्यांनी विचारलं, गिराणात काय चिरलं होतं? अक्का भोळी, तिनं सांगून टाकलं. झालं. वांगं चिरलं म्हणून ओठ चिरला. सासरी वर्षभर बोलावणं आलं नाही. नेलं तेव्हा उपकार केल्यासारखं नेलं. आमच्या आईनंही तिला बोल लावले. आणि खरं सांगायचं तर आम्हीही. भाचा चारपाच वर्षांचा झाल्यावर पोरं त्याला "गिराण्या" म्हणायची, आणि त्या पोरांत आम्हीही होतो. तिच्या हातचं ते वांगं आम्ही खाल्लं होतं, पण आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

१९९८ साली भाच्याच्या ओठाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो अठरा वर्षांचा. सोबत आम्ही गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. आम्ही भीतभीत विचारलं, हे ग्रहणामुळं होतं का? ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, ग्रहणाच्या वेळी आईला कितवा महिना होता? आम्ही सांगितलं, सातवा. ते म्हणाले, "बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळून होतो. जुळायचा राहिला तर तो तेव्हाच राहतो. सातव्या महिन्यात काही चिरलं काय नि शिवलं काय, ओठ कधीच तयार झालेला असतो."

आम्ही दवाखान्याच्या बाहेर येऊन बोटावर हिशेब केला. एप्रिलात जन्म म्हणजे ओठ झाला असेल १९७९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. मग डोक्यात किडा शिरला की त्या वेळी कुठलं ग्रहण होतं का. वाचनालयात जुनी पंचांगं, जुने अंक चाळले. २२ ऑगस्ट १९७९ ला सूर्यग्रहण झालं होतं, पण ते दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. आपल्याकडं तेव्हा रात्र होती, सूर्यच नव्हता तर ग्रहण कसलं. ६ सप्टेंबर १९७९ ला खग्रास चंद्रग्रहण झालं, पण आपल्या भागात चंद्र उगवायच्या आतच गडद छाया सरली होती. म्हणजे सासूबाईंचा कायदा जशाच्या तसा धरला तरी अक्का निर्दोष. अर्थात, ग्रहण डोक्यावर असतं तरी काही झालं नसतं. पण त्या दिवशी आम्हाला तो हिशेब हवा होता.

अक्काला जाऊन सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "सातव्या आठवड्यात?" मग बराच वेळ भांडी घासत राहिली. शेवटी म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांना सांगायचं होतं." त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

म्हणून म्हणतो, खीर खाल्लेल्या सुनेचं बाळ चांगलं झालं हा पुरावा नव्हे. उद्या एखाद्या बाळाला काही झालं तर लोक त्याच पुराव्यानं आपल्यालाच खोटं पाडतील. ओठ दुभंगण्याची कारणं आनुवंशिक असतात, आईच्या पोषणाची असतात, काही औषधांची असतात. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतली गोष्ट. आकाशातल्या सावलीचा तिथं संबंधच येत नाही.

आता ही सावली म्हणजे काय, ते बघू. मुलांनो, इकडं लक्ष द्या.

सूर्यग्रहण नेहमी अमावस्येला, चंद्रग्रहण नेहमी पौर्णिमेला. अमावस्येला चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मधे येतो, पौर्णिमेला आपण चंद्राच्या आणि सूर्याच्या मधे असतो. मग दर अमावस्येला आणि दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? गिरणीतल्या एका पोरानं आम्हाला हे विचारलं होतं आणि आम्हाला उत्तर आलं नव्हतं. आठ दिवस पुस्तक घेऊन बसलो तेव्हा कळलं. आज महिला मंडळाकडून दोन बांगड्या मागून घेतल्या आहेत. ही एक सपाट धरली, ही सूर्याची वाट. दुसरी तिच्यात अडकवून जरा कलती धरली, ही चंद्राची वाट. कल फार नाही, पाचेक अंशांचा. आता बघा, दोन्ही बांगड्या एकमेकींना किती ठिकाणी छेदतात? दोनच ठिकाणी. पौर्णिमा किंवा अमावस्या या दोन सांध्यांच्या आसपास पडली तरच ग्रहण. एरवी चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. आणि जुन्या गणितवाल्यांनी या दोन सांध्यांना नावं काय दिली? एकाला राहू, दुसऱ्याला केतू. हे आहेत तुमचे राहू-केतू. ना डोकं ना धड. बांगडीला बांगडी छेदते ती जागा. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. आज दीड हजार वर्षं झाली. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. त्यात स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटांनिशी छापलेले असतात. ते राहूला विचारून लिहीत नाहीत, गणित करून लिहितात. भूक लागली की गिळणारा राक्षस पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आधी देईल का?

आता कुठं दिसतं ते. इथं लोकांचा फार घोळ होतो. सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण यांत मोठा फरक आहे. चौकातला दिवा गेला तर सगळ्या गल्ल्यांतून तो गेलेला दिसतो. पण दिवा चालू आहे आणि तुमच्या तोंडासमोर कुणी हात धरला, तर फक्त तुम्हाला दिसत नाही, शेजारच्याला दिसतो. चंद्रग्रहण हे पहिल्या प्रकारचं. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. पृथ्वीची मोठी सावली त्याच्यावर पडते आणि तो विझतो. म्हणून पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागावर तेव्हा चंद्र वर आहे तिथल्या सगळ्यांना ते एकाच क्षणी दिसतं. सोलापूरला, नागपूरला आणि आखातात कामाला गेलेल्या आपल्या पोरांनाही एकाच वेळी, घड्याळातला काटा तेवढा वेगळा. चंद्राच्या जागी पृथ्वीची सावली चंद्राच्या अडीचपटीहून थोडी मोठी असते, म्हणून चंद्र तासभर, कधी दीड-पावणेदोन तास बुडून राहतो. तो तांबडा दिसतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून गाळून आलेला उजेड त्याच्यावर पडतो, आणि मावळतीला जो रंग उरतो तोच त्या उजेडात उरतो.

सूर्यग्रहण दुसऱ्या प्रकारचं. तोंडासमोर हात. चंद्र लहान, त्याच्या सावलीचं टोक पृथ्वीवर जेमतेम टेकतं. तो गडद ठिपका फार तर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रुंद, बहुधा त्याहून कमी, आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत सुटतो. शेतावरून ढगाची सावली सरकते ना, तशी. सावलीच्या पट्ट्यात जो उभा त्याला खग्रास. बाजूला असेल त्याला खंडग्रास. फारच लांब असेल त्याला काहीच नाही, त्याच्याकडं लख्ख ऊन. एका जागेवर जास्तीत जास्त साडेसात मिनिटं, पण इतकं क्वचितच, नेहमी दोन-तीन मिनिटंच. सूर्य चंद्राच्या चारशेपट मोठा आणि सुमारे चारशेपट लांब, म्हणून दोघांच्या चकत्या आकाशात सारख्या दिसतात. चंद्र जरा लांबच्या टप्प्यावर असला की त्याची चकती थोडी कमी पडते आणि कडेनं बांगडी उरते, ती कंकणाकृती.

वर्षाला पृथ्वीवर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच सूर्यग्रहणं होतात. म्हणजे ग्रहण दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते आपल्या गावावर खग्रास येणं. एकाच जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरीनं पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. सरासरी म्हणजे काही ठिकाणी लवकर, काही ठिकाणी फार उशिरा. ८ एप्रिल २०२४ ला मेक्सिको, अमेरिका, कॅनडात खग्रास झालं, तेव्हा आपल्याकडं रात्र होती. तरी आमच्या ओळखीतल्या एका बाईनं त्या रात्री पोरीला बाहेर जाऊ दिलं नाही. टीव्हीवर दाखवलं ना, म्हणून! जे पंचांग ती बाई मानते तेच पंचांग सांगतं की जे ग्रहण इथं दिसत नाही त्याचे वेधबिध पाळायचे नाहीत. म्हणजे अंधश्रद्धा पाळायची तर तीही नीट वाचून पाळत नाहीत.

आमच्या हयातीत भारतावरून गेलेली ग्रहणं सांगतो. १९८० चं सांगितलं. २४ ऑक्टोबर १९९५ ला दिवाळीत, सकाळी, राजस्थानात नीम का थाना इथून पट्टा शिरलेला आणि बंगालात डायमंड हार्बरकडे गेलेला. खग्रास फार थोडाच वेळ होतं. ११ ऑगस्ट १९९९ ला संध्याकाळी, कच्छकडून आलेलं, सगळीकडे पावसाळी ढग. त्या दिवशी गिरणीत दुसऱ्या पाळीला निम्मी माणसं आली नाहीत. आम्ही आलो आणि दोन माणसांच्या फ्रेमा एकट्यानं सांभाळल्या, धागे तुटतच होते. विज्ञानवादी होण्याची एवढी शिक्षा आम्ही भोगली आहे! २२ जुलै २००९ ला पहाटे सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा. १५ जानेवारी २०१० ला कन्याकुमारी, धनुष्कोडीला कंकणाकृती. २६ डिसेंबर २०१९ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडं सकाळी खंडग्रास. ते आम्ही विहाराच्या गच्चीवर मुलांना दाखवलं. २१ जून २०२० चं कोरोनात गेलं, कुरुक्षेत्र-डेहराडूनकडे कंकण होतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीतच सूर्य मावळता मावळता खंडग्रास.

आपल्या जिल्ह्याचा एक मान आहे, तो फार जणांना माहीत नाही. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणात विजयदुर्गावरून आणि आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेला. विजयदुर्गला इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर दुर्बिणी घेऊन आले होते. जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी नेगमवाला यांनी तळ दिला होता, अमेरिकेहूनही पथक आलं होतं. रेल्वेनं पुण्याला जाताना जेऊर लागतं, कधी जमलं तर उतरून बघा. तिथं सव्वाशे वर्षांपूर्वी भर दुपारी तारे दिसले. त्याच दुपारी त्याच गावाच्या वेशीबाहेर आपली माणसं काय करत असतील याचा आम्ही विचार करतो.

काय करत असतील ते आमच्या आजीनं आम्हाला सांगितलंय. ग्रहण सुटायला आलं की टोपली घेऊन गावात ओरडत फिरायचं, "दे दान, सुटे गिराण!" राहू-केतूचं नातं अस्पृश्यांशी जोडलेलं. म्हणून अस्पृश्याला दान दिलं की तो देवाला सोडतो. फाटकं लुगडं, जुनं धान्य वरून टोपलीत टाकायचं, अंगाला लागू द्यायचं नाही. वर्षभर सावली नको, आणि त्या घटकेला मात्र सूर्य सोडवायला आमच्याच हाका लागत. आजी लहान असताना तिच्या आईबरोबर फिरली होती. ती म्हणायची, पोटासाठी जोरात ओरडायचो, कारण दान लवकर सुटायचं, गिराण काय आपोआप सुटायचंच. म्हणजे निरक्षर बाईला ते कळत होतं! बाबासाहेबांनी सांगितलं ही कामं सोडा, भीक सोडा. आजोबांनी सोडलं. १९५६ ला दीक्षा घेतल्यावर तर घरात तो विषयच संपला. ज्या ग्रहणाची टोपली आपल्या आज्यांनी फेकून दिली, त्या ग्रहणाचे वेध आज नातसुना पाळतात, हे आम्हाला खुपतं. ते बोलून दाखवायलाच आज उभे आहोत.

मागच्या वेळी एका उपासिकेनं आम्हाला अडवलं. त्या वाचणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "भाऊ, संयुत्त निकायात चंदिम सुत्त आहे, सुरिय सुत्त आहे. राहू चंद्राला धरतो, चंद्र बुद्धाला शरण जातो, बुद्ध राहूला सोडायला सांगतात. मग राहू नाही असं तुम्ही कसं म्हणता?" प्रश्न बरोबर आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. होय, ती सुत्तं आहेत, श्रीलंकेकडं परित्राणात म्हणतातही. आमच्या अल्पमतीनं एवढंच वाटतं की त्या काळी सगळा समाज राहू मानत होता आणि ज्या भाषेत लोकांना भीती वाटत होती त्याच भाषेत धीर दिला गेला. त्या सुत्तात चंद्र सुटतो, पण कुणाला उपाशी बसायला सांगितलेलं नाही, कुणाची टोपली भरायला सांगितलेली नाही. आणि केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी जे सांगितलं तेही आपल्याच ग्रंथात आहे. परंपरेनं आलं, ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये हीच कसोटी दिली, जे बुद्धीला आणि तर्काला उतरत नाही ते बुद्धवचन म्हणून धरता येत नाही. भंतेजींचं मत वेगळं असेल तर त्यांनी नंतर जरूर सांगावं, आम्ही ऐकू.

पौर्णिमा आपला उपोसथाचा दिवस आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच, म्हणून हा प्रश्न आपल्या दारात पुन्हा पुन्हा येणार. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं बुद्धपौर्णिमेलाच चंद्रग्रहण होतं. २६ मे २०२१ चं आपल्याकडं दिसलं नाही, चंद्र उगवतानाचं शेपूट ईशान्य भारतात दिसलं. १६ मे २०२२ चं आपल्याकडं दिवसा होतं. ५ मे २०२३ चं छायाकल्प, विरळ सावलीतलं, रात्रभर डोळे ताणले तरी सामान्य माणसाला फरक कळत नाही. या तीनही वर्षी आपण मिरवणूक काढली, खीर वाटली. कुणाला काही झालं?

आता बघायचं कसं. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघा, अगदी तान्ह्या पोराला घेऊन बघा. सूर्यग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांनी कधीच नाही. यात अंधश्रद्धा नाही, डोळ्याचा पडदा भाजतो, आणि भाजताना दुखत नाही म्हणून कळत नाही. एक्सरेची फिल्म, काळा गॉगल, काजळी धरलेली काच, पाण्याची परात, हे काही चालत नाही. ग्रहणाचे खास चष्मे मिळतात, नाहीतर चौदा नंबरची वेल्डिंगची काच. आणि फुकटचा उपाय तुमच्या स्वयंपाकघरात आहे. झाऱ्या उन्हात धरा आणि खाली फरशीवर बघा, जितकी भोकं तितक्या सूर्याच्या कोरी पडतात. लिंबाच्या झाडाखालीही तसंच. २०१९ ला विहाराच्या गच्चीवर सतरा मुलं होती आणि चष्मे तीन. भांडण झाल्यावर कुणाच्या तरी आईनं झाऱ्या आणला.

पुढची ग्रहणं लिहून घ्या. २ ऑगस्ट २०२७ ला स्पेनचं दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया इथून खग्रास सूर्यग्रहण जातं. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांच्या वर. आपल्याकडं दुपारनंतर थोडासा तुकडा, तोही पावसाच्या दिवसांत. २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती.

आणि ३१ डिसेंबर २०२८. खग्रास चंद्रग्रहण, अख्ख्या भारतात दिसणारं. रात्री पावणेदहाच्या सुमारास चंद्र पुरता झाकतो आणि अकराच्या सुमारास उजेड परत यायला लागतो. ही रात्र कुठली ते सांगायला नको. आपल्या गाड्या त्या रात्री भीमा कोरेगावला निघतात. त्या वर्षी काही घरांतून निरोप येईल की ग्रहणात प्रवास नको, बायकांना नेऊ नका. समितीला आमची विनंती आहे की गाडी नेहमीच्या वेळेलाच सोडावी आणि दहाच्या दरम्यान वाटेत कुठं तरी ढाब्याजवळ उभी करावी, म्हणजे सगळ्यांना खाली उतरून बघता येईल. चहा आमच्याकडून.

शेवटचं एक आणि बसतो. ग्रहणांना घराणी असतात. एक ग्रहण झालं की अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी त्याचंच भावंड येतं. आठ तास जास्तीचे, म्हणून पृथ्वी तेवढी फिरलेली असते आणि ते दुसऱ्याच मुलखात पडतं. तीन वेळा झालं की परत आपल्या बाजूला. अक्काच्या त्या १९८० च्या ग्रहणाचं पुढचं भावंड २६ फेब्रुवारी १९९८ ला पनामा-कॅरिबियनकडं झालं, त्याच्या पुढचं ९ मार्च २०१६ ला इंडोनेशियात. तिसरं २० मार्च २०३४ ला आहे. आफ्रिकेतून इजिप्त, अरबस्तान, इराण करत पाकिस्तानातून आपल्या लडाख-काश्मीरच्या टोकावरून ते जातं. आपल्याकडं खंडग्रास दिसेल.

भाचा आता पंचेचाळिशीत आहे, त्याची मुलगी कॉलेजात आहे. तिनं वहीत ही तारीख लिहून ठेवलीय आणि मला म्हणाली, "मामाआजोबा, त्या दिवशी आजीला गच्चीवर बसवू, आणि वांग्याची भाजी करू." अक्का ऐकत होती. म्हणाली, "तेव्हा मी असंन का नाय कुणाला ठावं. वांगं मात्र मीच चिरणार."

खीर निवत चालली आहे, तेव्हा इथंच थांबतो. जय भीम, नमो बुद्धाय.